सर्वानुमते

आमच्या शाळेत कुणी कधी काही केलं नाही. जे झालं ते समितीनं केलं. पोरींच्या संडासाला दोन वर्षं कडी नव्हती, ती समितीमुळे. ग्रंथालयाच्या कपाटाची किल्ली हरवली, तीही समितीकडून. कुणाला जाब विचारायला जावं तर जो तो वर बघायचा, समिती जणू छपराच्या पत्र्यावर बसलेली असायची. माणसं सगळी रोजच्या ओळखीची. पण समिती म्हटलं की एकालाही तोंड राहायचं नाही. मला या प्रकाराची किळस आहे. आधीच सांगून ठेवते, म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको की बाई फार तोंडाळ आहे. आहेच मी तोंडाळ.

भडगाव तालुक्यातल्या एका शाळेत मी एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. मूळची मी सावद्याची, केळीच्या मुलखातली. लग्न करून इकडे गिरणाकाठी आले. सुरुवातीला पोरांची अहिराणी मला कळायची नाही आणि माझं इंग्रजी पोरांना कळायचं नाही, त्यामुळे कुणाचंच काही अडलं नाही. इंग्रजी शिकवलं असं आपलं म्हणायचं. खरं सांगू? मी गाइड शिकवलं.

इंग्रजीत समूहवाचक नामं असतात. टीम, फॅमिली, कमिटी. शब्द एक, आत माणसं ढीगभर. मग त्याच्यापुढे क्रियापद कोणतं लावायचं, एकाचं 'इज' की अनेकांचं 'आर'? मी दर वर्षी फळ्यावर ठोकून द्यायचे, शब्द एक दिसतो ना, मग 'इज' लावा आणि मोकळे व्हा. एखादी पोरगी 'पण मॅडम' म्हणून उठलीच, तर तिला खाली बसवायचे. गाइडमध्ये तेवढंच होतं आणि मला तेवढंच पुरत होतं. एकतीस वर्षांत एकदाही मी दुसरं पुस्तक उघडून पाहिलं नाही, आणि तरी शिक्षकदिनाला नारळ-शाल घेताना माझी मान ताठ असायची. लाज वाटायला हवी होती, नाही वाटली.

मी निवृत्त व्हायच्या आदल्या वर्षी एक मुलगी इंग्रजीसाठी तासिका तत्त्वावर आली. म्हणजे जितके तास घेतले तितकीच नोकरी, आणि दर वर्षी शालेय समितीच्या ठरावानं ती पुढे चालू. घर सातपुड्याच्या पायथ्याशी. आईबाप पावसावरच्या ज्वारीवर आणि मोहफुलांवर जगणारे, उरलेले महिने मजुरी. त्या घरात पदवी घेतलेली ही पहिली. भडगावात एका खोलीत राहायची आणि सोबत बारावीतली धाकटी बहीण. ही नोकरी आहे तोवर दोघी इथे, नोकरी गेली की दोघी परत डोंगरात आणि बहिणीचं कॉलेज बंद. हे तिनं मला पहिल्याच आठवड्यात डबा खाताना सांगितलं होतं, रडगाणं म्हणून नव्हे, बसचं वेळापत्रक सांगावं तसं.

स्टाफरूममध्ये तिला कुणी खुर्ची सरकवून जागा दिली नाही. आमच्या पुरुष शिक्षकांचं काय वर्णन करावं! मधल्या सुट्टीत मोबाइलवर क्रिकेट बघायचं, आणि तिनं वर्तमानपत्र मागितलं तर 'तुम्हाला इंग्रजीच लागत असेल ना' म्हणून दात काढायचे. मीही काही तिच्यासाठी उठून उभी राहिले नाही. नवीन आली आहे, रुळेल, असं म्हणून मी माझं बिस्कीट चहात बुडवत बसले.

एकदा नववीच्या वर्गावरून जाताना आतून हसण्याचा गोंधळ ऐकू आला. म्हटलं, घ्या, पोरांनी बाईला गुंडाळलं. दाराशी थांबले. ती फळ्यापुढे उभी राहून लग्न लावत होती.

"वऱ्हाड एका टेम्पोतून आलं. किती आले?"

"एक वऱ्हाड!" वर्ग ओरडला.

"मग 'इज'. आता वऱ्हाड पंगतीला बसलं. एकाला बट्टीवर तूप जास्त हवंय, एक म्हणतोय वरण पातळ आहे, नवऱ्या मुलाची आत्या रुसून मांडवाबाहेर उभी आहे. आता हे एक आहे का?"

"नाही!"

"मग 'आर'. सगळे मिळून एक काम करतात तेव्हा 'इज'. प्रत्येकाचं तोंड वेगळीकडे असतं तेव्हा 'आर'. काही देशांत सगळीकडे 'इज'च लावतात, तेही चुकीचं नाही. पण आपण लावताना बघायचं, आत चाललंय काय."

पोरं आत्याची नक्कल करत होती आणि शेवटच्या बाकावरच्या, ज्यांना मी अकरा महिने ढ म्हणत आले होते, त्या पोरी स्वतःची वाक्यं सांगत होत्या. मला राग आला. खोटं कशाला बोलू? एकतीस वर्षांत माझ्या तासाला कुणी हसलं नव्हतं. घरी जाऊन मी कॉलेजातलं जुनं व्याकरण माळ्यावरून काढलं, धूळ झटकली आणि पाहिलं. पोरगी अक्षरन् अक्षर बरोबर होती. माझ्याच सावद्यात केळीचा घड झाडावर असतो तोवर एक, आणि फण्या सुट्या केल्या की एकेक फणी आपापल्या दिवशी पिकते, हे मी लहानपणापासून बघत आले होते. पण डोकं वापरायचं कुणी?

सहामाहीच्या पेपरात तिनं एक वाक्य घातलं. समितीतल्या लोकांची मतं वेगवेगळी आहेत, अशा अर्थाचं. 'द कमिटी' आणि पुढे गाळलेली जागा. उत्तर 'आर'. आमच्या शालेय समितीच्या अध्यक्षांची, म्हणजे गावाच्या आबांची, नात त्याच वर्गात. तिनं 'इज' लिहिलं, कारण घरी तिला माझंच जुनं गाइड पाठ करायला लावलं होतं. एक मार्क गेला आणि त्या एका मार्कानं तिचा पहिला नंबर गेला.

दुसऱ्या दिवशी आबा शाळेत. पांढरे कपडे, हातात पेपर. मुख्याध्यापकांच्या खुर्चीत स्वतः बसले आणि मुख्याध्यापक शेजारी उभे.

"कमिटी कितली शे?" आबांनी विचारलं.

"एकच, आबा," मुख्याध्यापक म्हणाले.

"मंग 'इज' नई का?"

"हो ना, आबा."

शिक्षकांना बोलावलं. एकेक जण आत गेला आणि 'इज' म्हणून बाहेर आला. गणिताचा, भूगोलाचा, चित्रकलेचासुद्धा! त्याला स्वतःचं नाव इंग्रजीत धड लिहिता येत नाही, तो म्हणतो, "अर्थातच 'इज'." मला विचारलं तेव्हा मी म्हणाले की दोन्ही चालतं, पण या वाक्यात 'आर' जास्त बरोबर. आबांनी हातातला पेपर टेबलावर टाकला. "बठ्ठा म्हणतस 'इज', न् तुम्ही दोन्ही बाया म्हणतस 'आर'," असं म्हणून त्यांनी बैठक लावायला सांगितली. विषय एकच, त्या मुलीला पुढे ठेवायचं की काढायचं.

संध्याकाळी ती माझ्या घरी आली. घाबरलेली होती, पण रडत नव्हती. शालेय समितीवर शिक्षकांची प्रतिनिधी म्हणून मी होते, ते तिला माहीत होतं.

"मॅडम, बैठकीत तुम्ही बोलाल ना?"

"बोलेन म्हणजे काय? एकेकाला फाडून ठेवते बघ."

"फाडू नका," ती म्हणाली, "नुसतं बरोबर काय ते सांगा."

आता आमच्या बैठकीची रीत सांगायला हवी, कारण सगळी गोम तिच्यात आहे. बैठक म्हणजे मोठ्या लाल पुठ्ठ्याचं एक पुस्तक. त्याला आम्ही प्रोसिडिंग म्हणतो. त्यात झालेली चर्चा लिहायची, ठराव लिहायचा, सूचक कोण, अनुमोदक कोण ते लिहायचं आणि खाली हजर असलेल्यांच्या सह्या. जगात सगळीकडे आधी बोलतात, मग लिहितात, मग सह्या करतात. आमच्याकडे उलटं. माणसं आल्या आल्या क्लार्क पुस्तक फिरवतो. पान कोरं. तळाशी फक्त सह्यांसाठी आकडे घातलेले, एक ते पाच. का, तर लोकांना घाई असते, कचोरी खाऊन मधूनच उठतात, मग सह्यांसाठी गावभर हिंडायचं कुणी? म्हणून आधी सह्या, मग कचोरी, मग बोलणं. लिहिणं क्लार्क निवांत आठवडाभरात करतो, त्याचं अक्षर सुंदर आहे. आणि दर ठरावाखाली तो एक शब्द ठोकतो, सर्वानुमते. वर्षानुवर्षं हे चाललेलं. मी त्याच्या इंग्रजी अर्जांतली स्पेलिंगं लाल पेनानं दुरुस्त करायचे आणि पोरांना सांगायचे की वाचल्याशिवाय कुठे सही करू नका. आणि त्या कोऱ्या पानावर माझी सही मात्र सगळ्यांत वळणदार.

त्या दिवशीही पुस्तक आलं. काखेत पिशवी, डोक्यात भाषण. पेन घेतलं, चार नंबरला सही केली आणि पुस्तक पुढे सरकवलं. बघितलंसुद्धा नाही.

मग मी बोलले. काय बोलले हो! स्वतःवरच खूश होते. टेम्पोतल्या वऱ्हाडापासून सुरुवात केली, जुनं व्याकरण पिशवीतून काढून टेबलावर आपटलं, आणि म्हटलं की ज्या पोरीनं तुमच्या पोरांना पहिल्यांदा विचार करायला लावलं, तिला तुम्ही एका मार्कासाठी रस्त्यावर काढताय, लाजा धरा. आबा बोटांनी टेबल वाजवत बसले. पण बाकीचे हलले. निवृत्त तलाठी म्हणाले, नातीला तो मार्क द्या आणि विषय मिटवा. खताच्या दुकानवाले नाना म्हणाले, बाईंना तोंडी समज द्या पण काढू नका, माझी पोरगी तिच्या तासाला कधी नव्हे ती शाळेत यायला लागली. मुख्याध्यापकांना कशातच पडायचं नव्हतं, ते म्हणाले, वर लेखी मार्गदर्शन मागवू. आबा म्हणाले, "काढी टाका." पाच माणसं, पाच तोंडं. पेपरातलं ते वाक्य माझ्या डोळ्यांपुढे खुर्च्यांवर बसून कचोरी खात होतं. मी ते म्हणूनही दाखवलं आणि नाना हसलेसुद्धा.

तेवढ्यात आबांचा फोन वाजला. धुळ्याला कुणाची तरी हळद होती, गाडी बाहेर उभी होती. ते उठले तसे सगळेच उठले. ठरलं काहीच नाही. मी घरी जाताना रस्त्यातूनच तिला फोन केला.

"घाबरू नकोस. चौघं तुला काढा म्हणत नाहीत. मी असं बोललेय की आता पुन्हा हिंमत करणार नाहीत."

"थँक यू, मॅडम," ती म्हणाली. मागे तिची बहीण काहीतरी मोठ्यानं वाचत होती. ती थांबली आणि तिनंही थँक यू म्हटलं.

आठ दिवसांनी तिच्या हातात कागद पडला. शालेय समितीच्या सर्वानुमते झालेल्या ठरावानुसार आपली सेवा महिनाअखेर समाप्त करण्यात येत आहे. मी तशीच ऑफिसात घुसले. क्लार्क जेवत होता.

"हे सर्वानुमते कुठून आणलंस रे? कुणाचं मत होतं?"

त्यानं हात पुसले, लाल पुस्तक काढलं आणि पान उघडून माझ्यापुढे ठेवलं. किती नेटकं लिहिलं होतं! विषयाच्या अनुषंगाने साधकबाधक चर्चा झाली. सदर शिक्षिकेच्या अध्यापनात त्रुटी आढळल्याने सेवा समाप्त करावी असे सर्वानुमते ठरले. सूचक, अध्यक्ष. अनुमोदक, शिक्षक प्रतिनिधी तथा इंग्रजी विषयतज्ज्ञ. आणि खाली चार नंबरला माझी सही. वेलांटीसकट.

"मी अनुमोदक? अरे, मी तर तिच्या बाजूनं घसा फोडून बोलले!"

"बोलल्या ना, मॅडम. आबा म्हणाले, इंग्रजीचा विषय शे, इंग्रजीवालीसनं नाव टाक, वजन पडी." मग जरा खाली बघून म्हणाला, "सही तुमचीच आहे ना?"

"पान रद्द कर."

"प्रोसिडिंगचं पान रद्द होत नाही. तुम्ही लेखी विरोध द्या, मी चिकटवतो."

लेखी विरोध. एक कागद, चार ओळी. नानांना फोन केला तर ते म्हणाले, "मॅडम, समितीनं ठरवलं, आता काय?" तलाठ्यांनी फोनच उचलला नाही. मुख्याध्यापक म्हणाले, "तुम्ही लिहून दिलंत तर मी नाही म्हणणार नाही." म्हणजे भलं करायचं तर तुम्ही करा, मी सतरंजीखाली. शी! असल्या माणसांच्या शेजारी मी एकतीस वर्षं बसले.

घरी आले, कागद घेतला, मायना लिहिला. पाच महिन्यांनी माझी निवृत्ती. पेन्शनच्या फायलीवर याच लोकांच्या सह्या लागणार होत्या, पहिली आबांची. मी दोन ओळी लिहिल्या. पेन खाली ठेवलं. जेवून लिहू म्हटलं. जेवून झोपले. सकाळी कागदाची घडी करून त्याच जुन्या व्याकरणात ठेवली, आणि पुस्तक परत माळ्यावर. या चौघांना मी जे जे म्हटलं ते सगळं मला लागू आहे, आणि वर मी शिकलेली. मी शेण खाल्लं, दुसरा शब्द नाही.

त्या आठवड्यात नववीचा तास माझ्याकडे आला. आबांची नात उभी राहिली. चुणचुणीत पोर, आजोबांवर मुळीच गेलेली नाही. "मॅडम, बाईंनी शिकवलं ते मला आता समजलंय. मग पुढच्या पेपरात काय लिहू?"

सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. शेवटच्या बाकावरच्या पोरीसुद्धा.

"इज," मी म्हणाले. "इज लिही आणि खाली बस."

महिनाअखेरीस ती निरोप घ्यायला आली. बहीण रस्त्यात सामानापाशी उभी होती, एक पत्र्याची पेटी आणि पुस्तकांची गोणी. चोपड्याच्या गाडीला अर्धा तास होता. मी तिला बसवलं, चहा टाकला, आणि इतकी बडबड केली की विचारू नका. आबांना शिव्या दिल्या, मुख्याध्यापकांना दिल्या, त्या क्लार्कला तर धुऊन काढला. ती ऐकत होती. तिनं एकदाही मान हलवली नाही.

शेवटी मी म्हटलं, "थांब, तुला एक पत्र लिहून देते. उत्तम शिक्षिका आहेस म्हणून. दुसरीकडे अर्ज करशील तेव्हा लाव. एकतीस वर्षांची नोकरी आहे माझी, माझ्या सहीला थोडी किंमत आहे."

ती उठली. मांडीवरची प्लॅस्टिकची फाइल तिनं उघडली. वरच तिच्या आदेशाचा कागद आणि त्याला टाचलेली प्रोसिडिंगच्या त्या पानाची झेरॉक्स. तिनं ती माझ्यापुढे धरली नाही, नुसती नीट सरळ केली आणि फाइल बंद केली.

"नको, मॅडम," ती म्हणाली. "तुमची सही आहे माझ्याजवळ."